एसयूव्हीची सर्व्हिसिंग: जॉबकार्डवर सही करायच्या आधी

गाडी सर्व्हिसला टाकायच्या आदल्या रात्री मी एक काम नेमाने करते. ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढायचं, मेंटेनन्स शेड्यूलचं पान उघडायचं आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. घरचे हसतात, परीक्षेला निघालीये म्हणतात. हसू देत. आमची एसयूव्ही डिझेल आहे, फोर बाय फोर, आठ वर्षं झाली आणि सव्वा लाखाच्या वर किलोमीटर झालेत. पहिली दोन वर्षं मी काउंटरवर जाऊन "जे काय लागेल ते करा" असं सांगायचे, आणि ते लोकही इतके आज्ञाधारक की जे लागेल ते आणि जे लागणार नाही तेही सगळं करून द्यायचे.

मग एकदा सहज बिल आणि मॅन्युअल शेजारी शेजारी ठेवून बघितलं. बिलात १४ ओळी, आणि मॅन्युअलमध्ये त्या किलोमीटरला कामं लिहिलेली ५. बाकीच्या ९ ओळी म्हणजे कसलं तरी क्लीनिंग, कसलं तरी कोटिंग, कसलं तरी ट्रीटमेंट. त्या दिवसापासून मी मॅन्युअल वाचायला लागले.

तर पहिलं काम हेच. तुमच्या गाडीला काय कधी लागतं हे काउंटरवरच्या सर्व्हिस ॲडव्हायझरच्या तोंडून ऐकायचं नाही, गाडी बनवणाऱ्या कंपनीने छापलेल्या टेबलात बघायचं. त्यात किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे असतात आणि जो आधी येईल तो धरायचा, म्हणजे गाडी वर्षभर नुसती उभी असली तरी वर्षाचं ऑइल बदलायचंच. आणि एक गोष्ट बरेच जण बघतच नाहीत, की बहुतेक मॅन्युअलमध्ये टेबलं दोन असतात. एक नॉर्मल वापराचं आणि एक सिव्हिअर कंडिशनचं. धूळ, सारखं ट्रॅफिकमध्ये थांबत थांबत चालवणं, रोज ४-५ किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या, ट्रेलर ओढणं, हे सगळं सिव्हिअरमध्ये येतं. आपल्याला वाटतं आपण तर शांतपणे ऑफिसला जातो-येतो, आपलं कुठलं सिव्हिअर, पण इंजिन नीट गरम व्हायच्या आत रोज बंद होत असेल तर ते इंजिनच्या दृष्टीने हालच आहेत. अशा वापरात ऑइल आणि एअर फिल्टर लवकर बदलायला लागतो, आणि तिथे ॲडव्हायझर लवकर बदला म्हणत असेल तर तो बरोबर असतो. म्हणजे दर वेळी नाही नाही म्हणत बसायचं असाही याचा अर्थ नाही.

काउंटरवरचं मेन्यूकार्ड

सर्व्हिस ॲडव्हायझर हा मेकॅनिक नसतो, हे एकदा डोक्यात बसवून घ्या. तो तुमच्या आणि वर्कशॉपच्या मधला माणूस. बऱ्याच ठिकाणी त्याला महिन्याचं टार्गेट असतं आणि त्या ॲड-ऑन पॅकेजेसवर इन्सेंटिव्ह असतो. त्यामुळे तो वाईट माणूस असतो असं नाही, आमचा आत्ताचा ॲडव्हायझर तर फार चांगला मुलगा आहे, पण त्याच्या समोरच्या स्क्रीनवर जे पॅकेज येतं ते तो वाचून दाखवणारच. तुम्ही फक्त एकच प्रश्न विचारायचा, शांतपणे: "हे कंपनीच्या शेड्यूलमध्ये आहे का? असेल तर पान दाखवा." मी तर मोबाईलमधला फोटोच पुढे करते. अर्ध्या गोष्टी तिथल्या तिथे गळून पडतात.

माझ्यापुरतं मी इंजिन फ्लश (केमिकल घालून इंजिन आतून धुणं) कधीच करत नाही. ऑइल वेळच्या वेळी बदललंय, ग्रेड बरोबर आहे, तर आत फ्लश करायला आहे काय? आणि ज्या गाडीत वर्षानुवर्षं ऑइल न बदलल्याने गाळ जमलाय तिथे फ्लशने तो गाळ सुटून ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसायचा धोका, म्हणजे चांगल्या गाडीला गरज नाही आणि खराब गाडीला भीती. टायरमध्ये नायट्रोजन भरा म्हणतात, फुकट असेल तर भरा, नाहीतर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. एसी डिसइन्फेक्शन म्हणून जो स्प्रे मारतात त्यापेक्षा केबिन फिल्टर (एसीची हवा गाळणारा) बदललेला बरा, आणि तो बऱ्याच गाड्यांमध्ये ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, पाच मिनिटांत स्वतः बदलता येतो. इंजिन बेवर ते चकचकीत ड्रेसिंग मारतात त्याने फक्त एवढंच होतं की कुठून ऑइल झिरपत असेल तर चार दिवस कळत नाही. अंडरबॉडी कोटिंगचं मात्र मी वेगळं मानते. समुद्राजवळ राहत असाल किंवा रस्त्यावर मीठ टाकतात अशा थंड भागात गाडी चालत असेल तर त्याचा उपयोग होतो, फक्त आधी खालचा भाग धुऊन पूर्ण वाळवला पाहिजे, चिखलावरच कोटिंग मारलं तर गंज आतल्या आत वाढतो.

व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग हे जोडीने विकतात पण दोन वेगळी कामं आहेत. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडलं (क्षणभरच, आणि रस्ता रिकामा असताना) की गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एकाच कडेने झिजतोय, तर अलाइनमेंट. ८०-१०० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतं तर बॅलन्सिंग. ब्रेक मारल्यावरच थरथरत असेल तर दोन्ही नाही, डिस्क बघायला सांगा.

जॉबकार्डवर काय लिहिलं जातंय ते वाचा

जॉबकार्ड म्हणजे आपली तक्रार आणि करायची कामं लिहितात तो वर्कशॉपचा कागद. सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालंय.

तीन वर्षांपूर्वी गाडीच्या पुढून खडखड यायला लागली. मी सांगितलं, "पुढून आवाज येतोय." ॲडव्हायझरने लिहिलं, फ्रंट नॉइज चेक. संध्याकाळी गाडी मिळाली, कार्डावर शेरा, आवाज आढळला नाही. पंधरा दिवसांनी परत तेच. तिसऱ्या वेळी म्हणाले की मॅडम, शॉकअप बदलून बघू दोन्ही. बदलून बघू! म्हणजे माझ्या खर्चाने प्रयोग. मी गाडी तशीच परत घेऊन आले आणि मग दोन दिवस नुसती आवाजाच्या मागे लागले. काच खाली, रेडिओ बंद, एसीचा पंखा बंद. आवाज कधी येतो? स्पीड २० ते ३०. रस्ता कसा? बारीक खड्ड्यांचा, मोठ्या स्पीडब्रेकरवर नाही. कुठून? शेजारी भावाला बसवलं, तो म्हणाला माझ्या पायाखालून, म्हणजे पॅसेंजर साइडचं पुढचं चाक. गरम-थंड फरक? नाही. ब्रेक दाबून ठेवला तर? तरी येतो. दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा नाही येत, एकच चाक खड्ड्यात जातं तेव्हा येतो.

हे सगळं कागदावर लिहून नेलं आणि म्हटलं हेच्या हेच जॉबकार्डवर टाका, आणि मला टेक्निशियनबरोबर राउंड मारायचाय. ॲडव्हायझरने जरा तोंड वाकडं केलं पण एक वयस्कर टेक्निशियन आला, गाडीत बसला, दोनशे मीटर गेलो असू, म्हणाला, "लिंक आहे मॅडम, स्टॅबिलायझर लिंक." म्हणजे वळताना गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी काडी. लिफ्टवर घेऊन त्याने ती हाताने हलवून दाखवली, बॉल जॉइंट पार सैल, टकटक वाजत होता. दोन शॉकअपच्या तुलनेत अगदीच किरकोळ पार्ट. पाऊण तासात काम झालं.

म्हणून सांगते, निदान सांगायचं नाही, लक्षण सांगायचं. "क्लच गेलाय" असं म्हणालात तर ते क्लच बदलून देतील आणि मूळ प्रॉब्लेम राहिला तर म्हणतील तुम्हीच सांगितलं होतं. "चढावर तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो पण स्पीड वाढत नाही" असं सांगा, पुढचं त्यांचं त्यांनी बघावं. आवाजाचा, डॅशबोर्डवरच्या लाइटचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण गाडी सर्व्हिस सेंटरच्या गेटमधून आत शिरली की गप्प होते हा जगभरचा अनुभव आहे. आणि "आवाज आढळला नाही" असा शेरा असला तरी ते कार्ड फेकू नका, वॉरंटी संपायच्या आधी तुम्ही तक्रार केली होती याचा तोच पुरावा.

चेक इंजिन लाइट लागला असेल तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) स्वतःकडे असलेला बरा. स्टिअरिंगच्या खाली कुठेतरी १६ पिनांचा सॉकेट असतो, त्यात ब्लूटूथवाला छोटा डोंगल लावायचा आणि मोबाईलवर कोड वाचायचा. पी०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये), पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नीट काम करत नाहीये असं सेन्सरला वाटतंय. "वाटतंय" हे महत्त्वाचं, कोड म्हणजे कुठे बघायचं याची दिशा, कुठला पार्ट बदलायचा याची चिठ्ठी नाही. पी०४२० आला म्हणून सरळ कन्व्हर्टर बदला म्हणणाऱ्याला आधी विचारा की सेन्सर आणि एक्झॉस्टची गळती तपासली का. कोड डिलीट करून गाडी नेऊ नका, त्याच्याबरोबर साठवलेली माहितीही जाते आणि मग तेही काही शोधू शकत नाहीत.

कार्डावर अजून तीन गोष्टी लिहून घेते. एक, एस्टिमेट, पार्ट आणि लेबर वेगवेगळं. दोन, फोन करून विचारल्याशिवाय एस्टिमेटच्या बाहेरचं काम करू नये. तीन, बदललेले जुने पार्ट परत हवेत. हे तिसरं आधीच सांगायचं, संध्याकाळी मागितले तर "स्क्रॅपमध्ये गेले" हे उत्तर तयार असतं. (वॉरंटीत बदललेला पार्ट परत मिळत नाही, तो त्यांना कंपनीला दाखवावा लागतो, पण बघायला मागू शकता.) लेबरचं एक गणित माहिती असू द्या, बहुतेक ठिकाणी एका कामाला ठरलेले तास असतात, प्रत्यक्षात कमी वेळ लागला तरी बिल ठरलेल्या तासांचंच. ते एक वेळ ठीक आहे. पण दोन कामांसाठी तोच भाग एकदाच उघडला असेल, म्हणजे समजा पॅड आणि डिस्क दोन्ही बदलले, तर चाक आणि कॅलिपर खोलायची लेबर दोनदा लावलीये का ते बघा.

चावी देताना गाडीभोवती फिरून चारही बाजूंचे, चाकांचे, ओडोमीटरचे आणि फ्यूल गेजचे फोटो काढा, एक मिनिट लागतं. डॅशकॅमचं कार्ड ठेवायचं की काढायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी ठेवते.

आणि हो, एक कळीची गोष्ट. एका सर्व्हिसला बिलात एअर फिल्टर लावला होता आणि मला उगाच शंका आली, घरी येऊन बॉक्स उघडला तर तोच जुना फिल्टर, कोपऱ्यात एक वाळलेलं पान अडकलेलं ते सुद्धा तसंच. हवेच्या पाइपने फुंकून परत बसवलेला. मी भांडले, त्यांनी "चुकून राहिलं असेल" म्हणत बदलून दिला. तेव्हापासून सर्व्हिसच्या आधी एअर फिल्टर, केबिन फिल्टर आणि ऑइल फिल्टर यांच्यावर नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका देते. टायर रोटेशन सांगितलं असेल तर प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूला खडूने नंबर. संध्याकाळी ठिपका दिसला तर बिलावरची ती ओळ खोडायला लावायची, आवाज न चढवता. ठिपका दाखवला की वाद घालायची वेळच येत नाही.

सर्व्हिसच्या मधल्या काळात आपलं काम

एसयूव्हीचा एक फायदा म्हणजे खाली जागा असते. महिन्यातून एकदा जुनी चादर टाकून टॉर्च घेऊन खाली नुसतं बघायचं. जॅक लावायचा नाही, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच जायचं नाही. बघायचं काय, तर पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या ॲक्सलवरचे रबरी बूट फाटलेत का (फाटले की आतलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसतं), शॉकअपवर ऑइल ओघळलंय का, डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) गोळ्याखाली थेंब लटकतोय का. नुसतं ओलसर, धूळ चिकटलेलं असेल तर लक्ष ठेवा, थेंब पडत असेल तर दाखवा. हा फरक माहिती नसला की प्रत्येक ओलसर डागाला कुणीतरी लीकेज म्हणून सील बदलायला लावतं.

ऑइलची दांडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघायची. मिन आणि मॅक्सच्या मध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो बऱ्याच गाड्यांमध्ये. ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेलाच, ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर "जाड ऑइल इंजिनला चांगलं" असल्या सल्ल्यांच्या नादी लागू नका. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंड असताना ते किती पातळ राहतं त्याचा आकडा. डिझेलवाल्यांनी अजून एक बघायचं, डीपीएफ (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, एक्झॉस्टमधला) असेल तर कमी राख करणारं, त्या स्पेसिफिकेशनचंच ऑइल, नाहीतर फिल्टर त्या राखेनेच भरतो आणि राख कुठल्याही रीजनरेशनने (फिल्टर तापवून काजळी जाळण्याने) जळत नाही.

डीपीएफवर जरा थांबते कारण आजकाल निम्म्या तक्रारी याच्याच असतात. एक्झॉस्टमधली काजळी हा फिल्टर अडवतो आणि भरला की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल देऊन तापमान ६०० अंश सेल्सियसच्या आसपास नेते आणि ती काजळी जाळते. याला वेळ लागतो, दहा-पंधरा-वीस मिनिटं, आणि तेव्हाच तुम्ही घरी पोचून गाडी बंद केली की काम अर्धवट. पुढच्या वेळी परत सुरू, परत अर्धवट. बऱ्याच इंजिनांमध्ये या प्रकारात न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि मग दांडीवर ऑइलची लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते. ऑइल वाढलंय म्हणून खूश होऊ नका, ते पातळ झालंय, बदलायला हवं. रीजनरेशन चालू आहे हे कसं ओळखायचं, तर उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर असतात, स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) चालत नाही, उतरल्यावर गरम वास येतो आणि बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो. असं दिसलं आणि घाई नसेल तर एक मोठी चक्कर मारून या. लाइट लागलाच तर मोकळ्या रस्त्यावर मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्पीडने सलग चालवा, लाइट जातो बहुतेक वेळा. दुर्लक्ष केलं तर मग वर्कशॉपमध्ये फोर्स्ड रीजनरेशन आणि त्याच्याही पुढे गेलं तर अख्खा फिल्टर बदला. आणि ज्यांचा रोजचा रूट ५ किलोमीटरचा आहे त्यांनी डिझेल घेतानाच विचार करायला हवा होता, पण ते आता काय बोलायचं.

फोर बाय फोर असेल तर महिन्यातून एकदा मातीच्या किंवा ओल्या घसरड्या रस्त्यावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा, नेहमीच्या स्पीडचा मोड) टाकून एक-दोन किलोमीटर चालवा, नाहीतर वर्षभर न वापरलेली यंत्रणा नेमकी चिखलात अडकल्यावर एंगेज होत नाही. पण पार्ट-टाइम, म्हणजे लागेल तेव्हा आपण टाकायचं, फोर बाय फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर नाही हं. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये तो फरक सोसणारं काही नसतं, आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर) येतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळत वळते. ऑल व्हील ड्राइव्हवाल्यांसाठी (जिथे चारही चाकांना ताकद गाडी स्वतःच देते) वेगळी सूचना, एक टायर फाटला म्हणून एकच नवा टाकू नका, चारही टायरचा घेर जवळपास सारखा लागतो, किती मिलिमीटर फरक चालतो ते मॅन्युअलमध्ये असतं. आणि डिफरन्शियल, ट्रान्सफर केस यांचं ऑइल हे शेड्यूलच्या टेबलात अगदी खालच्या ओळीत असतं आणि हमखास विसरलं जातं, ॲडव्हायझरकडून सुद्धा. खोल पाण्यातून गाडी काढली असेल तर किलोमीटर न बघता ते ऑइल तपासा, दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. पाण्यातच इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारायचा नाही, अजिबात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून न्या.

टायर प्रेशर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा तो नाही, ती टायरची कमाल मर्यादा आहे. टायर घेताना बाजूवरचे चार अंक बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, ही ओळ कुणी फालतू म्हणू नका, ते हवेतला ओलावा शोषतं, आणि डॉट ४ या ग्रेडच्या ब्रेक ऑइलची नव्यात किमान २३० अंश उकळबिंदू असायची अट असते ती ओलावा शोषल्यावर १५५ वर येते. मोठा घाट उतरताना भरलेल्या एसयूव्हीचे ब्रेक किती तापतात ते आठवा आणि मग ठरवा. पॅड नवे असताना १०-१२ मिलिमीटरचे असतात, ३ च्या आसपास आले की बदलायचे, "५० टक्के झिजलेत, आताच बदलून टाकू" म्हणाले तर मापून दाखवा म्हणायचं. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या जवळ असली की उत्तम, १२.४ च्या खाली सारखी दिसायला लागली की तयारीत राहा. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला एजीएम किंवा ईएफबी (अशा गाड्यांसाठीच्या खास बॅटऱ्या), जी मुळात होती त्या प्रकारचीच, साधी टाकली तर लवकर मरते.

सनरूफवाल्यांनी वर्षातून एकदा चारही कोपऱ्यातली भोकं बघा. सनरूफ पूर्ण पाणी अडवत नाही, आत आलेलं पाणी त्या नळ्यांतून खाली जातं, आणि नळी पानांनी तुंबली की पाणी पायाखालच्या कार्पेटमध्ये. थोडं पाणी ओतून चाकाजवळ खाली येतंय का बघायचं, बास.

गाडी परत घेताना

बिल भरायच्या आधी गाडी बघायची, नंतर नाही. बॉनेट उघडा, दांडी काढा. ऑइल मॅक्सच्या वर भरलेलं मी दोनदा पकडलंय, गनने लिटर मोजून भरतात आणि आतलं जुनं पूर्ण निथळू देत नाहीत. जास्त ऑइल म्हणजे जास्त काळजी नव्हे, क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करते आणि फेसाने वंगण होत नाही. मग ठिपके बघा, जुने पार्ट बघा, कूलंट आणि ब्रेक ऑइलची झाकणं घट्ट आहेत का, सर्व्हिस रिमाइंडर रीसेट केलाय का. बिलात कन्झ्युमेबल्स म्हणून एक गोळा आकडा असतो, तो कशाचा हे विचारा, कधी कधी विचारल्यावरच कमी होतो. चाकं काढली असतील तर ५०-१०० किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या ताकदीने आवळणाऱ्या पान्याने) परत तपासून घ्या.

मग तो फीडबॅकचा विषय. चावी हातात देताना सांगतात, "मॅडम, कंपनीतून कॉल येईल, १० पैकी १० द्या हं, ९ दिले तरी आम्हाला शून्यच." हे खरंच आहे बऱ्याच ठिकाणी, आणि म्हणूनच ती तुमच्या हातातली एकुलती एक काठी आहे. मी सांगते, दोन दिवस गाडी चालवून मग देईन. दोन दिवसांत काही निघालं तर फोन केल्यावर जी धावपळ होते ती एरवी कधी होत नाही. आणि काम चांगलं झालं असेल तर मात्र टेक्निशियनच्या नावासकट १० द्यायचे. मी त्या लिंकवाल्या टेक्निशियनचं नाव विचारून घेतलं होतं आणि आता दर वेळी गाडी त्यांच्याच बेवर (त्यांच्या कामाच्या जागेवर) टाका म्हणून कार्डावर लिहायला लावते.

बिनसलंच तर पायऱ्या चढायच्या, उड्या मारायच्या नाहीत. ॲडव्हायझर, मग सर्व्हिस मॅनेजर, मग गाडी बनवणाऱ्या कंपनीचं कस्टमर केअर. डीलर आणि कंपनी वेगवेगळे असतात हे लक्षात ठेवा, डीलर नाही म्हणाला म्हणजे कंपनी नाही म्हणाली असं होत नाही. फोनवर कितीही गोड बोलले तरी सगळं ईमेलवर: व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर), किलोमीटर, तारखा, जॉबकार्डांचे नंबर, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय ते एका ओळीत. शिव्या नकोत, इतिहास नको. वॉरंटी नुकतीच संपलीये आणि मोठा पार्ट गेलाय, तर गुडविल वॉरंटी मागायची. तो हक्क नसतो, कंपनीची मर्जी असते, पण सगळ्या सर्व्हिस वेळेवर आणि रेकॉर्डसकट झालेल्या असतील तर अर्धा-पाऊण खर्च कंपनी उचलते अशी उदाहरणं खूप आहेत, आणि मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

रिकॉल (सदोष गाड्या कंपनीने परत बोलावून फुकट दुरुस्त करणं) मात्र हक्काचा. वर्षातून दोनदा कंपनीच्या वेबसाइटवर व्हीआयएन टाकून बघा. १७ अक्षरांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे गोल दिसलं की ते शून्यच. सेकंडहँड गाडी असेल तर जास्तच बघा कारण पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर जातं. टकाटा कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल आठवत असेल, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे, लोक मेले त्यात. वाहनउद्योगातला तो सगळ्यात मोठा रिकॉल, आणि काम फुकट असूनही कित्येकांनी वर्षानुवर्षं गाड्या नेल्याच नाहीत.

आमची वॉरंटी संपून बरेच दिवस झाले. आता मी रिकॉल, सॉफ्टवेअर अपडेट, एअरबॅग आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एवढं डीलरकडे ठेवलंय, ऑइल-ब्रेक-सस्पेन्शन बाहेरच्या ओळखीच्या गॅरेजला. गिअरबॉक्सवरून मागच्या वेळी जरा झालंच, ॲडव्हायझर म्हणाला मॅडम याचं ऑइल लाइफटाइम असतं, बदलायची गरजच नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः तिच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला म्हणते. आमचा गिअरबॉक्स झेडएफचा नाही, पण त्याला विचारलं, लाइफटाइम म्हणजे कुणाचं लाइफटाइम, गाडीचं की वॉरंटीचं? तो हसला, आत जाऊन वर्कशॉप मॅनेजरला विचारून आला, आणि ऑइल, फिल्टर आणि पॅन गॅस्केटचं एस्टिमेट काढून समोर ठेवलं. पुढच्या सर्व्हिसला करून घेणारे. ठिपका लावता येत नाही त्याच्या फिल्टरवर, तेवढं जुना परत मागणार.